झेल : सब

सुभान वाघमोडे, रिंग खातं, रात्रपाळी.
आमच्या मिलच्या दुसऱ्या संघात नऊ हंगाम सीमारेषेवर उभा.
फलंदाजीला अकरावा. चेंडू त्याच्या हाती कुणी दिला नाही,
तो आपण होऊन गेला तेवढाच.
मी टाइम ऑफिसातला कारकून, रविवारी धावा मांडायचो.
नऊ वर्षांत त्याच्या एकूण धावा एकशे बारा.
मी दोनदा बेरीज केली.

पण चिमणबागेत, नाल्याकडच्या कोपऱ्यात,
बॅटीचा टणका कानी पडायच्या आत
तो निघालेला असायचा.
कसं रे कळतं? तर म्हणे,
सूत तुटायच्या आधी चातीचा सूर बदलतो ना,
तसं.

बूट चौथ्या वर्षी मिळाले, विव्हिंग मास्तरने टाकलेले,
दोन नंबर मोठे, पुढे कापसाची रद्दी कोंबून.
पाचव्या वर्षी पुन्हा अनवाणी.

अडवलेल्या चौकाराला वहीत खूण नसते.
चार व्हायचे तिथे मी एक लिहायचो,
आणि त्या एकाला कुणी विचारत नाही
की बाकीचे तीन कुठे राहिले.

देवासला गेलो, रतलामला गेलो, मीटरगेजच्या डब्यात
किटच्या पेटीवर पाळीपाळीनं झोपून.
महूला पलटणीच्या संघानं आम्हाला बेदम कुटलं
आणि जेवायला वेगळं टेबल मांडलं.
सुभानची खुर्ची रिकामी होती.
तो अजून निवडुंगात त्यांचाच चेंडू शोधत होता.

मग एका थंडीत संस्थानच्या संघाला बारावा कमी पडला.
तीन दिवसांचा सामना, पाहुणा संघ, कनातीत सरदार मंडळी.
दोन दिवस सुभाननं पाणी नेलं, स्वेटर आणले.
मी दुसरा लेखनिक, हरकारे साहेबांच्या डाव्या हाताला,
पेन्सिली तासायला.

तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी बोट फाटलं.
चाळीस मिनिटं. एवढीच.
त्यातल्या एकतिसाव्या मिनिटाला
चेंडू उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला,
आम्हा सगळ्यांना.
सुभान पाठमोरा पळत होता, मान सुद्धा न वळवता,
आणि दोरीपाशी त्यानं ओंजळ पुढे केली,
वरून कुणी भाकरी टाकतंय अशी.

‘वा रे भिया!’ झाडांवर चढलेली पोरं ओरडली.
मी टाक बुडवला. एस, यू, बी,
एच लिहिणार तोच हरकाऱ्यांनी मनगट धरलं.
‘नाव नाही. बदली खेळाडूला नाव नसतं. सब. बस.’
टाक तिथंच थांबला. शाईचा थेंब पडला,
बी च्या पुढे, जोंधळ्याएवढा.

त्याच रात्री तो पाळीवर.
शनिवारी पगारपत्रक माझ्याकडे आलं.
तीन दिवस गैरहजर. मजुरी कापली. मीच कापली.
तिथे मात्र अख्खं नाव लिहावं लागतं, बापाच्या नावासकट:
सुभान खंडू वाघमोडे.
वळणदार आलं होतं अक्षर.

पुढे खांदा गेला. लीगही गेली, कुणाला कळायच्या आत.
तो मिलच्या मागल्या फाटकावर बसायला लागला.
पोरांचा चेंडू भिंतीवरून आला की उठून,
डाव्या हातानं, परत द्यायचा.

एकदा म्हणाला, ती वही दाखव.
कपाटातून काढली. गठ्ठ्यांवरची छापील अक्षरं
त्याला तेवढी ओळखू यायची.
काळं नख एकेका अक्षरावर ठेवत गेला.
एस. यू. बी.
थेंबाशी थांबला. खरवडून पाहिला.
‘माझंच ना हे?’
म्हटलं, तुझंच. घाईत शाई सांडली.
‘हरकत नाही,’ म्हणाला. ‘वाचता येतंय.’